दुधाळ गायीच्या आहारातील स्निग्ध पदार्थ

गाय व्याल्यानंतर साधारणपणे चौथ्या ते आठव्या आठवड्यात तिचे दूध कमाल पातळीला पोहोचते. तिची खाण्याची क्षमता मात्र आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण भरात येत नाही. दूध आधी वाढते आणि भूक मागून येते, त्यामुळे मधल्या काळात गायीच्या शरीरात ऊर्जेची तूट पडते आणि ती भरून काढण्यासाठी अंगावरचा मेद खर्च होऊ लागतो. पाठीचा कणा व माकडहाडे वर दिसू लागणे, माजावर येण्यास उशीर होणे, भरवलेली गाय पुन्हा उलटणे आणि तीव्र अवस्थेत कितनबाधेसारखा चयापचयाचा आजार जडणे, ही सारी या तुटीचीच लक्षणे होत. अधिक दूध देणाऱ्या गायींच्या आहारात स्निग्ध पदार्थांची जोड देण्याचा विचार या तुटीतून पुढे आला.

तुटीचे स्वरूप आकड्यांत मांडले तर ते अधिक स्पष्ट होते. सुमारे ५०० किलो वजनाच्या संकरित गायीला केवळ शरीर चालवण्यासाठी रोज साधारण ८.५ मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा लागते, आणि ३.५ टक्के फॅट असलेल्या एका लिटर दुधामागे सुमारे ०.७ मेगाकॅलरी लागते. अशी गाय २० लिटर दूध देत असेल तर तिची रोजची गरज २२ मेगाकॅलरींच्या पुढे जाते. चांगला चारा व खुराक मिळून प्रत्येक किलो शुष्क पदार्थातून, म्हणजे पाण्याचा अंश वगळून उरलेल्या आहारातून, दीड मेगाकॅलरी मिळते असे धरले, तर ही गरज भागवण्यासाठी तिने १५ किलो शुष्क पदार्थ खायला हवा. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती जेमतेम ११ ते १२ किलोच खाते. उरलेली सुमारे पाच मेगाकॅलरींची तूट अंगावरून भरून निघायची तर रोज जवळजवळ एक किलो वजन घटते.

खुराक वाढवणे हा या तुटीवरचा सर्वांत सरळ दिसणारा उपाय होय. परंतु मका, गहू किंवा तांदळाची कणी यांसारख्या पिष्टमय धान्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पोटातील आम्लता वाढते, रवंथ कमी होते, खूर दुखावतात आणि भूक आणखी मंदावते. अशा वेळी कमी वजनात अधिक ऊर्जा देणारा घटक हवा असतो. स्निग्ध पदार्थांत पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा असते आणि त्यांच्यापासून कोटीपोटात आम्लही तयार होत नाही. या दोन गुणांमुळे ते दुधाळ गायीसाठी आदर्श खाद्य ठरावे असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात मात्र गायीच्या पचनसंस्थेची घडण या अपेक्षेच्या आड येते, आणि ती समजून न घेता दिलेले तेल दूध व फॅट दोन्ही घटवू शकते.

कोटीपोटातील सूक्ष्मजीव आणि तेल

गायीच्या पोटाचे कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे असतात. त्यांपैकी कोटीपोट सर्वांत मोठे असून प्रौढ गायीत त्याची क्षमता शंभर लिटरांहून अधिक असते. या कप्प्यात प्राणवायूविरहित वातावरणात अब्जावधी जिवाणू, आदिजीव आणि बुरशी राहतात, आणि माणसाला न पचणारा कडबा व गवत यांतील तंतुमय भाग ते आंबवतात. या किण्वनातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार होतात व कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात. गायीच्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांच्यापासूनच मिळतो. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतः लहान आतड्यात जाऊन पचतात आणि गायीच्या प्रथिनांचा मोठा भाग पुरवतात. म्हणून गायीसमोर ठेवलेला चारा आधी या सूक्ष्मजीवांचे अन्न असतो, आणि त्यांनी जे घडवून पुढे पाठवले त्यावर गाय जगते.

हे सूक्ष्मजीव ज्या आहारावर वाढत आले त्यात स्निग्धांश अत्यल्प होता. गवत आणि वैरणीच्या शुष्क पदार्थात तो जेमतेम दोन ते तीन टक्के असतो. त्याहून बरेच अधिक तेल कोटीपोटात मोकळे आले की दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले असे की, तेलाचा पातळ थर चाऱ्याच्या तंतूंवर बसतो आणि जिवाणूंना त्या तंतूंना चिकटता येत नाही. दुसरे आणि अधिक गंभीर नुकसान असंपृक्त मेदाम्लांमुळे होते. ज्या मेदाम्लांच्या कार्बनसाखळीत एक किंवा अधिक दुहेरी बंध असतात त्यांना असंपृक्त म्हणतात. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, जवस या तेलांत त्यांचे प्रमाण मोठे असते आणि म्हणूनच ही तेले सामान्य तापमानाला द्रवरूप राहतात. ही मेदाम्ले जिवाणूंच्या पेशीपटलात शिरून त्याची रचना बिघडवतात, आणि या माऱ्याला सर्वांत आधी बळी पडतात ते नेमके तंतुमय चारा पचवणारे जिवाणू व आदिजीव.

या विषारी परिणामापासून बचाव करण्याची व्यवस्थाही कोटीपोटात आहे. तेथील जिवाणू प्रथम तेलाच्या रेणूचे विघटन करून मेदाम्ले मोकळी करतात. ‘ॲनीरोव्हिब्रिओ लायपोलिटिका’ हा जिवाणू या कामासाठी विशेष ओळखला जातो. त्यानंतर इतर जिवाणू या असंपृक्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून त्यांना संपृक्त करतात. या प्रक्रियेला जैव-हायड्रोजनीकरण असे म्हणतात आणि ती कोटीपोटात घडते हे १९५१ मध्ये रेमंड रायझर यांनी दाखवून दिले. गायीने कोणतेही वनस्पतितेल खाल्ले तरी तिच्या दुधातील व शरीरातील मेद बव्हंशी संपृक्त राहतो, याचे कारण ही प्रक्रिया होय. तिची गती मात्र मर्यादित असते. तेल हळूहळू आणि थोडे आले तर जिवाणू ते निरुपद्रवी करतात, आणि एकदम व अधिक आले तर प्रक्रिया अर्धवट राहून मधल्या टप्प्यावरची मेदाम्ले साचतात.

फॅट खाऊ घालून फॅट का घटते

आहारात तेल वाढवले की दुधाचे फॅट वाढेल, ही समजूत सर्वत्र आढळते. आहार बदलल्याने दुधातील फॅट एकाएकी घटू शकते, हे निरीक्षण मात्र जुने आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बुसँगो यांनी १८४५ मध्येच त्याची नोंद केली होती. त्यामागचे कारण उलगडण्यास पुढे दीडशे वर्षे लागली.

दुधातील मेद दोन मार्गांनी येतो. त्यातील साधारण निम्मा भाग कासेतील पेशी स्वतः तयार करतात. त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे चाऱ्याच्या किण्वनातून आलेले ॲसेटिक आम्ल आणि ब्युटिरिक आम्लापासून बनलेला घटक. यांतून चार ते सोळा कार्बनांची लहान व मध्यम मेदाम्ले घडतात. उरलेला निम्मा भाग, म्हणजे सोळा कार्बनांच्या मेदाम्लांचा काही हिस्सा आणि अठरा कार्बनांची जवळजवळ सर्व मेदाम्ले, रक्तातून तयार स्वरूपात कासेत येतो. तो आहारातून किंवा अंगावरच्या मेदातून आलेला असतो. तेलामुळे तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावले तर ॲसेटिक आम्ल कमी होते आणि पहिल्या मार्गाला फटका बसतो. तरीही फॅटमधील मोठी घट एवढ्यानेच होत असावी, हे स्पष्टीकरण अपुरे ठरत होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेल बॉमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा उलगडा केला. जैव-हायड्रोजनीकरण नेहमीच्या वाटेने चालले तर लिनोलेइक आम्लापासून काही टप्प्यांनंतर स्टिअरिक आम्ल तयार होते आणि फॅटवर वाईट परिणाम होत नाही. परंतु आहारात धान्य अधिक, लांब तंतूंचा चारा कमी आणि मोकळे तेल भरपूर असा योग जुळून आला की सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो व ही प्रक्रिया दुसऱ्या वाटेने वळते. त्या वाटेवर ट्रान्स-१०, सिस-१२ संयुग्मित लिनोलेइक आम्ल तयार होते आणि ते कासेतील मेदनिर्मितीची यंत्रणाच दाबून टाकते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या आम्लाची रोज केवळ १० ग्रॅम मात्रा थेट चौथ्या पोटात सोडली असता काही दिवसांत दुधातील मेदाचे उत्पादन ४० टक्क्यांहून अधिक घटले. स्निग्ध पदार्थ देताना ते किती द्यायचे यापेक्षाही कोणत्या स्वरूपात व कोणत्या आहारासोबत द्यायचे, हा प्रश्न महत्त्वाचा का ठरतो, ते या निष्कर्षावरून ध्यानात येते.

कोटीपोट चुकवण्याचे उपाय

स्निग्ध पदार्थ कोटीपोटात विरघळू नयेत आणि पुढे लहान आतड्यात मात्र पूर्ण पचावेत, असे दुहेरी उद्दिष्ट पुढे ठेवून १९७० च्या सुमारास संशोधन सुरू झाले. ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत टी. डब्ल्यू. स्कॉट आणि सहकाऱ्यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती दुधातील केसीन या प्रथिनाचे आवरण चढवून त्यावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केली. असे आवरण कोटीपोटात टिकते आणि चौथ्या पोटातील आम्लात सुटते. शास्त्रीयदृष्ट्या हे तंत्र यशस्वी ठरले, कारण त्याने दुधातील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाणही वाढवता आले. परंतु खर्चामुळे गोठ्यापर्यंत त्याचा व्यापक प्रसार झाला नाही.

व्यवहारात अधिक रुजला तो कॅल्शियम क्षारांचा मार्ग. अमेरिकेतील ओहायो राज्यात वूस्टर येथील कृषी संशोधन केंद्रात डोनाल्ड पामक्विस्ट आणि टॉम जेंकिन्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मेदाम्लांचा कॅल्शियमशी संयोग करून तयार झालेला पदार्थ गायींना खाऊ घातला आणि त्याने तंतुमय चाऱ्याच्या पचनात अडथळा येत नाही हे दाखवले. रसायनशास्त्राच्या परिभाषेत हा एक प्रकारचा साबणच होय, मात्र पाण्यात न विरघळणारा. कोटीपोटाचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे मान, सहाच्या वर असतो तोवर मेदाम्ल व कॅल्शियम एकमेकांना धरून राहतात. चौथ्या पोटात सामू दोन ते तीनपर्यंत उतरला की त्यांची फारकत होते आणि मोकळी झालेली मेदाम्ले लहान आतड्यात पित्त व स्वादुपिंडाच्या रसांच्या साहाय्याने शोषली जातात. यालाच व्यवहारात ‘बायपास फॅट’ असे नाव मिळाले. या रचनेतील एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते: खुराक अति झाल्याने कोटीपोटाचा सामू सहाच्या खाली घसरला तर हे क्षार तेथेच फुटू लागतात आणि संरक्षण उरत नाही. ज्या गोठ्यात आम्लतेची समस्या आहे तेथे महागडे बायपास फॅटही साध्या तेलासारखे वागू शकते.

दुसरा प्रकार म्हणजे संपृक्त मेदाम्लांचे घट्ट दाणे. पामतेलातून वेगळे काढलेले पामिटिक आम्ल किंवा पामिटिक व स्टिअरिक आम्लांचे मिश्रण थंड करून बारीक गोळ्यांच्या रूपात दिले जाते. त्यांचा वितळणबिंदू गायीच्या शरीराच्या तापमानापेक्षा बराच वर असल्याने ती कोटीपोटात घनच राहतात, आणि दुहेरी बंध नसल्याने जिवाणूंना बाधतही नाहीत. कॅल्शियम क्षारांत साधारण ८२ ते ८५ टक्के मेद असतो, तर या दाण्यांत तो ९८ टक्क्यांच्या आसपास जातो. मात्र तेल कृत्रिमरीत्या पूर्ण हायड्रोजनीकृत करून बनवलेले अतिकठीण मेद आतड्यातही नीट पचत नाहीत आणि त्यांचा मोठा भाग शेणावाटे निघून जातो. पिशवीवर छापलेला मेदाचा टक्का जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची पचनीयताही महत्त्वाची असते ती यामुळे.

तिसरा मार्ग निसर्गाने आधीच घडवलेला आहे आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. तेलबियांमध्ये तेल बीच्या कवचात व पेशींत बंदिस्त असते. गाय रवंथ करते तसतसे ते थोडेथोडे बाहेर पडते आणि जिवाणूंना ते हाताळण्यास वेळ मिळतो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या कापूस पिकवणाऱ्या भागांत दुभत्या जनावरांना सरकी देण्याची चाल जुनी आहे. संपूर्ण सरकीत १८ ते २० टक्के तेल, भरपूर प्रथिने आणि वर चिकटलेल्या कापसाच्या तंतूंच्या रूपाने पचणारा तंतुमय भाग, असे तिन्ही घटक एकत्र येतात. घाणीवर किंवा एक्सपेलरवर काढलेल्या सरकी पेंडीत साधारण सहा ते आठ टक्के तेल उरते. द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत मात्र ते जवळजवळ नसतेच, हा फरक खरेदी करताना पाहावा लागतो. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य वासरांना घातक असल्याने रवंथ सुरू न झालेल्या वासरांना ती देऊ नये. सोयाबीनचे दाणे देताना ते भाजलेले असणे इष्ट, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. त्यात युरिएज हे विकरही असते, म्हणून युरियायुक्त खाद्यासोबत कच्चे सोयाबीन कधीच देऊ नये.

मेदाम्लांचे स्वभाव आणि कॅनडातील लोण्याचा वाद

सर्व मेदाम्ले ऊर्जा देतात, पण शरीरात त्यांची वागणूक सारखी नसते. पामिटिक आम्लाने दुधातील फॅटचे प्रमाण वाढण्याकडे कल असतो; ओलेइक आम्लाने आतड्यातील मेदाचे शोषण सुधारते आणि ऊर्जा अंगावर मेद भरण्याकडे अधिक वळते; स्टिअरिक आम्लाचे प्रमाण फार वाढले तर एकूण पचनीयता घटते. पामतेलाच्या कॅल्शियम क्षारांत पामिटिक व ओलेइक ही दोन्ही आम्ले असल्याने ते दूध आणि अंगस्थिती या दोहोंना थोडाथोडा हातभार लावतात, तर शुद्ध पामिटिक दाणे मुख्यतः फॅटसाठी वापरले जातात. व्याल्याबरोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पामिटिक आम्ल दिल्यास फॅटचे उत्पादन वाढते, पण त्यासोबत गायीच्या अंगावरची झीजही वाढू शकते, असे मिशिगन राज्य विद्यापीठातील अभ्यासांतून दिसून आले आहे. कोणत्या गायीला कोणत्या टप्प्यावर काय हवे याचा विचार केल्याशिवाय केवळ फॅटच्या आकड्यामागे लागणे गायीच्या अंगाशी येते.

आहारातील मेदाचा परिणाम ग्राहकाच्या ताटापर्यंत कसा पोहोचतो याचे ठळक उदाहरण कॅनडात घडले. २०२१ च्या फेब्रुवारीत तेथील अनेक ग्राहकांनी, सामान्य तापमानाला ठेवलेले लोणीही मऊ पडत नसल्याची तक्रार केली. कोविडच्या काळात घरोघरी पदार्थ भाजण्याचे प्रमाण वाढून लोण्याची मागणी चढली होती आणि तेथील दूध-कोटा पद्धतीत फॅटला मोठे महत्त्व असल्याने गायींना पामपासून बनवलेले स्निग्ध खाद्य देण्याचे प्रमाणही चर्चेत आले. दुधातील पामिटिक आम्लाचा वाटा वाढला की लोण्याचा कठीणपणा वाढू शकतो, हे शास्त्राला धरून आहे. परंतु ऋतू, चाऱ्याचा प्रकार आणि लोणी घुसळण्याची व थंड करण्याची पद्धत यांचाही त्यावर परिणाम होतो, म्हणून सारा दोष एकाच घटकावर टाकता येत नाही. तरीही त्या देशातील दूध उत्पादकांच्या शिखर संघटनेने पामजन्य खाद्याला पर्याय शोधण्याचे आवाहन सभासदांना केले आणि तज्ज्ञांचा गट नेमला. गायीच्या खाद्यातील घटक हा केवळ गोठ्याचा खासगी प्रश्न राहत नाही, दूध पिणाऱ्या समाजाचा त्याच्याशी संबंध असतो, हे या वादाने अधोरेखित केले. पामतेलासाठी आग्नेय आशियात झालेल्या जंगलतोडीचा प्रश्नही या चर्चेचा भाग होता, आणि पामजन्य खाद्य वापरणाऱ्या भारतालाही तो टाळता येणारा नाही.

भारतातील संशोधन आणि दूध संकलनाचे गणित

भारतात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत संकरित गायी व मुऱ्हा म्हशींवर बायपास फॅटच्या चाचण्या झाल्या असून त्यांत दूध उत्पादनात वाढ आढळली. बंगळुरूची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था तसेच आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी हे तंत्र भारतीय परिस्थितीत आणण्यासाठी काम केले. भारतातील शिफारशींमध्ये रोजची मात्रा बहुधा १०० ते २०० ग्रॅम एवढी असते, तर पाश्चात्त्य देशांत याहून कितीतरी अधिक दूध देणाऱ्या गायींना ३०० ते ५०० ग्रॅमपर्यंत मात्रा दिली जाते.

या मात्रेकडून काय अपेक्षा ठेवावी हेही हिशोबाने पाहिले पाहिजे. २०० ग्रॅम कॅल्शियम क्षारांतून साधारण १.१ मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा मिळते, म्हणजे सुमारे दीड लिटर दुधापुरती. लेखाच्या प्रारंभी मांडलेल्या पाच मेगाकॅलरींच्या तुटीपैकी ही जेमतेम पाचवा हिस्सा होय. उरलेली तूट चांगल्या प्रतीची वैरण, मका किंवा ज्वारीचा मुरघास, समतोल खुराक आणि मुबलक स्वच्छ पाणी देऊन गायीची भूक वाढवूनच भरून काढावी लागते. बायपास फॅटचा खर्च भरून निघतो की नाही याची कसोटीही यातूनच मिळते: वाढलेले दूध, टिकलेली अंगस्थिती आणि वेळेवर राहिलेला गाभ यांची किंमत दिलेल्या मात्रेच्या किमतीहून अधिक असली पाहिजे. दिवसाला आठ-दहा लिटर दूध देणाऱ्या गायीची ऊर्जेची गरज चाऱ्या-खुराकातून सहज भागते, म्हणून तिला हे खाद्य देणे म्हणजे बहुधा पैशाचा अपव्यय ठरतो.

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर बांधलेला आहे. एसएनएफ म्हणजे दुधातील फॅट वगळता उरलेले घन घटक: प्रथिने, दुग्धशर्करा आणि खनिजे. स्निग्ध खाद्य देताना या दुसऱ्या आकड्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी पिष्टमय व तंतुमय पदार्थांच्या किण्वनातून ऊर्जा मिळते, मेदापासून मिळत नाही. त्यामुळे धान्य काढून त्या जागी मेद दिला तर सूक्ष्मजीवांची वाढ आणि त्यांच्यापासून मिळणारी प्रथिने घटतात. मेद दिल्यावर दुधातील प्रथिनांचे प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्यांनी उतरल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. दूध वाढल्याने प्रथिनांचे एकूण उत्पादन कमी होत नसले, तरी ८.५ च्या उंबरठ्यावर असलेल्या दुधाला ही किरकोळ वाटणारी घट दराच्या तक्त्यात खाली ओढू शकते. म्हणून मेदासोबत कोटीपोटात न विरघळणारी, म्हणजेच बायपास प्रथिने पुरवणारी चांगली पेंड देण्याची शिफारस केली जाते.

आहार बांधताना पाळावयाचे दंडक

संशोधनातून आणि गोठ्यावरील अनुभवातून काही दंडक स्थिरावले आहेत. एकूण आहारातील स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या सहा ते सात टक्क्यांपलीकडे नेऊ नये. १५ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या गायीच्या बाबतीत सहा टक्के म्हणजे ९०० ग्रॅम. त्यातील सुमारे ४५० ग्रॅम नेहमीच्या चाऱ्या-खुराकातूनच येतात, आणि उरलेल्या जागेत सरकीसारख्या तेलबिया व बायपास फॅट यांची वाटणी करावी लागते. मोकळे खाद्यतेल खुराकात ओतण्याची पद्धत टाळणेच श्रेयस्कर होय. पोटफुगीच्या वेळी फेस मोडण्यासाठी एकदा पाजलेले तेल हा उपचार असतो, आहार नव्हे. त्याचा अर्थ रोज तेल दिल्याने फायदा होतो असा काढता येत नाही.

मोकळी झालेली मेदाम्ले कॅल्शियम व मॅग्नेशियमला बांधून ठेवतात आणि त्यांचे शोषण घटवतात, म्हणून मेदपूरक आहारात कॅल्शियम शुष्क पदार्थाच्या ०.९ ते १ टक्का आणि मॅग्नेशियम सुमारे ०.३ टक्का इतके राखावे, असे मानले जाते. खनिज मिश्रणाशिवाय मेद देणे म्हणूनच अयोग्य ठरते. कॅल्शियम क्षारांना साबणासारखा उग्र वास व चव असल्याने काही गायी सुरुवातीला खुराक नाकारतात. दोन ते तीन आठवड्यांत मात्रा हळूहळू वाढवणे आणि ते पूर्ण मिश्र आहारात किंवा पेंडीत नीट मिसळणे हा त्यावरील उपाय होय. मेदामुळे खाणेच कमी झाले तर मिळवलेली ऊर्जा त्या घटीत गमावली जाते, हे विसरता कामा नये.

मेदाच्या मर्यादांपैकी सर्वांत महत्त्वाची अशी की त्यापासून ग्लुकोज तयार होत नाही. कासेत दुग्धशर्करा बनवण्यासाठी गायीला ग्लुकोज लागते आणि ते यकृतात मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून बनते. व्याल्यानंतर लगेच अंगावरचा मेद मोठ्या प्रमाणात वितळून यकृतावर आधीच भार पडलेला असतो. अशा कितनबाधेने ग्रासलेल्या गायीला आणखी मेद देणे हा उपचार होऊ शकत नाही, तेथे पशुवैद्यकाकडून ग्लुकोज व ग्लुकोज तयार करणारी द्रव्ये मिळणे आवश्यक असते. काही शिफारशींत विण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून अल्प मात्रा सुरू करण्यास सांगितले जाते. तिचा उपयोग मुख्यतः गायीला चवीची सवय व्हावी यासाठी होतो. खरा लाभ भूक सावरू लागल्यानंतर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत मिळतो.

ऊर्जेपलीकडचे लाभही नोंदवण्याजोगे आहेत. मेदामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यापासून गर्भधारणा टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते. जवस व माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती आवरतात, आणि त्यामुळे आरंभीच्या अवस्थेतील गर्भ टिकण्यास मदत होऊ शकते. पचन व चयापचय होताना तंतुमय चाऱ्याच्या तुलनेत मेदापासून शरीरात कमी उष्णता निर्माण होते. सोलापूर, जळगाव, नागपूर अशा भागांत एप्रिल-मेमध्ये उष्णतेने संकरित गायींची भूक मंदावते तेव्हा हा गुण उपयोगी पडतो. मेद कोटीपोटात आंबत नसल्याने मिथेन वायूही कमी तयार होतो. आहारात मेदाचे प्रमाण एक टक्क्याने वाढवल्यास मिथेन साधारण तीन ते पाच टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते.

स्निग्ध खाद्याचा विचार नेहमी चाऱ्यापासूनच सुरू झाला पाहिजे. ज्या गोठ्यात वर्षभर पुरेसा लांब तंतूंचा चारा, प्रमाणात खुराक आणि खनिज मिश्रण मिळते, तेथील १५ ते २० लिटरांहून अधिक दूध देणाऱ्या गायीला व्याल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत दिलेले संरक्षित मेद तिची झीज थांबवते व पुढचे वेत वेळेवर येण्यास हातभार लावते. ज्या गोठ्यात चाऱ्याची मूळ व्यवस्थाच कोलमडलेली आहे तेथे तीच पिशवी दुधाचा आकडा काही दिवस फुगवील, पण गायीच्या अंगात साठलेली तूट लपवील. दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला बायपास फॅट विकण्यापूर्वी त्याच्या मुरघासाची, कडब्याची आणि पाण्याची विचारपूस करणे हे पशुखाद्य विक्रेते, दूध संघ आणि पशुवैद्यक या तिघांचेही कर्तव्य आहे. कारण कोटीपोटातील सूक्ष्मजीव उपाशी राहिले तर त्यांच्या पलीकडे पोहोचवलेली कोणतीही ऊर्जा गायीला फार काळ सांभाळू शकत नाही.